दिवेलागणीची वाक्यं

दिवेलागणीला तोंडातून काय काढावं याची काही रीत असते. आमच्या वरच्या मजल्यावरच्या बाईला ती नव्हती. मी हातपाय धुऊन देवापुढे निरांजन लावावं, आणि हिनं बरोबर तेव्हाच खुर्ची ओढून बसावं, मांडीवर ते बोलणं धरून ठेवायचं यंत्र ठेवावं आणि मला विचारावं, "शांताक्का, 'रंगराव विहिरीत बुडाला' असं तुम्ही म्हणाल का?"

रंगराव म्हणजे आमचे हे. समोर पलंगावर बसून एका सदऱ्याची काजं करत होते, चांगले जिवंत. नाव मी इथे लिहिते, कारण कागदावर लिहायला हरकत नाही. तोंडानं ते मी लग्नात उखाण्यापुरतं घेतलं, त्यानंतर नाही.

"नाही," मी म्हटलं. "तसं म्हणत नाही."

"बरं. 'रंगराव मेला'?"

"तसंही म्हणत नाही."

"'दिवा विझला'?"

"नाही म्हणत, बाई!"

"'बांगडी फुटली'?"

मी डोळे वटारले. माझ्या या डोळ्यांपुढे आमच्या दीपश्रीसारखी सून गप्प होते, आणि ती सरकारी कचेरीत चार माणसांवर ओरडते. पण ही बया मान हलवून कागदावर त्या वाक्यापुढे एक चांदणी काढायची, म्हणजे 'हे वाक्य या भाषेत नाही' अशी खूण, आणि पुढचं वाक्य विचारायची. मी दटावत होते आणि ती लिहून घेत होती.

तिचं नाव उन्नी. पुढचं आडनाव मला अजून नीट येत नाही, हाउगलान्द असं काहीतरी. माझी नात अन्विता सांगायला आली, "अज्जी, वरच्या घराला उन्नी म्हणून कुणी येतंय," तेव्हा मला वाटलं केरळचा मुलगा असेल, तिकडे हे नाव मुलांचं असतं. मी आधीच ठणकावून सांगितलं होतं, मासे शिजवायचे नाहीत. आणि दारात रिक्षातून उतरली कोण, तर साठीची, ताडासारखी उंच, पांढऱ्या केसांची नॉर्वे देशाची बाई. दोन्ही हात जोडून म्हणाली, "नमस्कार. शांताक्का आपणच का?" इतकं स्वच्छ मराठी, की मी पदर सावरला.

तरुणपणी पुण्यात राहून शिकलेली. आमच्या घरात मराठी म्हणजे निम्मं कन्नड. आजे-पणजे कधी या म्हैसूरच्या मुलखात आले ते देवाला ठाऊक. पुरुषांचं काम शिवणाचं, गिऱ्हाईक सगळं कन्नड बोलणारं, तोंडात तेच बसलं. 'सुम्मने बस' म्हटलं की आमचं लेकरू गप्प बसतं, 'उगी बस' म्हणजे काय ते त्याला ठाऊक नसतं. अन्विताला तर मराठीत भांडतासुद्धा येत नाही. रागावली की कन्नडवर जाते. आणि ही परदेशातली बाई आमच्या ओट्यावर बसून 'कदाचित' आणि 'अर्थातच' म्हणते!

म्हणून तर मला तिचं नवल होतं. हिचं काम तरी काय? मी विचारून घेतलं. शाळेत मी जेमतेम तिसरी, पण विचारायला शाळा लागत नाही.

"तू भाषा शिकवतेस?"

"नाही."

"मग पुस्तकं लिहितेस, गोष्टीची?"

"नाही हो. वाक्य उभं कसं राहतं ते मी बघते. कुठला शब्द कुठे बसतो, आणि तसा बसला की अर्थ कसा निघतो."

"म्हणजे शिवलेला सदरा उसवून बघतेस?"

ती अशी हसली की यांनी सुई थांबवून पाहिलं. "अगदी तसंच, शांताक्का."

"आणि याचा पगार देतात?"

"इतकी वर्षं दिला. पुढच्या उन्हाळ्यापासून देणार नाहीत. निवृत्त होते आहे."

त्याआधी तिला एकच काम पुरं करायचं होतं. आमच्या म्हैसूरच्या मराठीत तिला काही सापडलं होतं. जगातल्या बहुतेक भाषांत, ती म्हणाली, दोन तऱ्हेची वाक्यं असतात. कुणीतरी काच फोडली, हे एक. काच फुटली, आपली आपण, हे दुसरं. पण आमच्या बोलण्यात दुसरी तऱ्हाच नाही! कुणी केल्याशिवाय काही होतच नाही. मानसगंगोत्रीकडे, विद्यापीठाजवळ, भाषेची संस्था आहे, तिथं तिचं यावर व्याख्यान ठरलं होतं. कुठून कुठून विद्वान येणार होते. मग यावरच तिचं शेवटचं पुस्तक.

मला ते ऐकून बरंच वाटलं. आमच्याकडे काहीतरी जगावेगळं आहे म्हटल्यावर कुणाला आवडणार नाही?

ती पुढे विचारायची, "'रंगरावांनी काच फोडली' असं म्हणाल?"

"हो, ते म्हणतो. रोज म्हणतो."

पलंगावरून हे म्हणायचे, "मी कधी फोडली?"

"तुम्ही गप्प बसा. ती शास्त्र करते आहे."

आता खरी गोष्ट सांगते. वस्तू आपली आपण फुटली, दिवा आपला आपण गेला, तर तो अपशकुन. कुणाच्या हातून झालं तर तो निव्वळ धांदरटपणा, त्याला चार शिव्या दिल्या की संपलं. हे आमच्यात कुणी कुणाला शिकवत नाही. त्यामुळं दिवेलागणीला घरातल्या माणसांची नावं घालून कुणी असलं काही वदवून घ्यायला लागलं तर आम्ही 'तसं म्हणत नाही' म्हणणार, दुसरं काय? देवळात भजनाच्या बायकांना मीच सांगून ठेवलं होतं: ती बाई गुणाची आहे, चहा द्या, उपीट द्या, पण अभद्र काही विचारलं तर तोंडातून काढू नका. कांचन, अलका, सगळ्या माझ्या शब्दात. उन्नी सरकारी बसनं हुणसूरला माझ्या नणंदेकडे, सुष्माकडे गेली, तर तिच्या आधी माझा फोन पोचला होता. उन्नीला वाटलं, पाहा, दोन गावांत एकच उत्तर.

ती बरणीची सकाळ आली नसती तर व्याख्यान होऊन गेलं असतं.

लिंबाच्या लोणच्याची मोठी चिनी मातीची बरणी. फळीवरून काढताना... मी काढत होते, हे खरं. खाली आली ती ठिकऱ्या होऊनच. तेल, फोडी, सगळं ओट्यापासून उंबऱ्यापर्यंत.

"दीपश्री!" मी ओरडले. "अग, बरणी फुटली!"

जिन्यावर पावलं थांबली. उन्नी खाली उतरत होती. दारात आली, तिनं फोडींकडे पाहिलं नाही, माझ्याकडे पाहिलं.

"काय म्हणालात?"

"दिसत नाही का? बरणी फुटली. पाय सांभाळ."

"कुणी फोडली?"

"अग, फुटली म्हणते ना!"

दीपश्री केरसुणी घेऊन आली होती. ती तोंडाला पदर लावून म्हणाली, "अत्ते, तुमच्याच हातातून..."

"तू आधी झाड ते."

उन्नी जिन्याच्या पायरीवर बसली. चेहरा पिठासारखा. मला वाटलं ठिकरी लागली. पाय उचलून पाहिला, काही नव्हतं.

"काय झालं? उपाशी आहेस का?"

"शांताक्का," ती म्हणाली, "हे वाक्य तुमच्या भाषेत नाही असं तुम्ही मला सांगितलं होतं."

"मी कधी?"

"रोज."

तिनं एकेक करून विचारलं, अगदी हळू. दोरा तुटला, असं म्हणता? म्हणते. दूध नासलं? म्हणते, नासलं की म्हणावंच लागतं. मग मला नाही का म्हणालात? मी म्हटलं, देवापुढे दिवा लावलेला, समोर नवरा बसलेला, आणि तू त्याला विहिरीत घालतेस. नाही म्हणू तर काय हो म्हणू? आणि तीच गोष्ट मी भजनाच्या बायकांना सांगितली होती, हेही सांगितलं. लपवायचं काय त्यात? ती माझी घरची रीत आहे.

ती हसेल असं मला वाटलं होतं. ती हातांनी तोंड झाकून बसली.

मग दुपारी मी तिच्यासाठी ताक घेऊन वर गेले. माझे गुडघे वर जाऊ देत नाहीत, तरी गेले. ती खिडकीशी होती. टेबलावर व्याख्यानाचे कागद. मी म्हटलं, सांग आता सगळं, तू या धंद्यात आलीस कशी?

उत्तरेकडच्या एका बेटावर जन्मलेली. बाप मासे धरणारा. तिथं हिवाळ्यात सूर्य उगवतच नाही. घरी एक बोली आणि शाळेत लिहायचं वेगळंच. मास्तरीण म्हणायची, तुझ्या आईचं बोलणं चुकीचं आहे. "चुकीचं कसं असेल, सगळं गाव तसंच बोलतं," एवढं कोडं तिला पडलं आणि त्याच कोड्यामागून ती कॉलेजात गेली, मग पुण्याला आली. पुण्याच्या वाक्यांवर मोठा प्रबंध लिहिला, तिकडच्या विद्यापीठात प्राध्यापक झाली, लोक तिचं नाव घ्यायला लागले.

"लग्न?"

"झालं होतं. ओलाव. तो गेला."

"देवाघरी?"

"नाही. स्वीडनला."

मी ताक पुढे केलं. "पी."

मग एका परिषदेत, तिनं सांगितलं, एक तरुण मुलगा उठला. म्हणाला, बाईंनी पुण्यातल्या एका गल्लीतल्या दोन-तीन घरांत विचारलं आणि म्हणाल्या मराठी अशी आहे. सगळी सभा हसली. त्यानंतर तिचं लिहिलेलं कुणी फारसं वाचेना. तो मुलगा आता स्वतः प्राध्यापक आहे आणि व्याख्यानाला पहिल्या रांगेत बसणार आहे. "या वेळी मी पुष्कळ घरांत विचारलं, शांताक्का. दोन गावांत. मला वाटलं, आता कुणी हसणार नाही."

मी थोडा वेळ त्या कागदांकडे पाहत बसले. वाचता येत नव्हतं, इंग्रजीत होतं, पण चांदण्या ओळखू येत होत्या. प्रत्येक चांदणी माझ्या तोंडची.

"हे बघ," मी म्हटलं. "बरणी फुटली हे कुणाला माहीत? मला, दीपश्रीला, तुला. दीपश्री माझ्यापुढे बोलत नाही. भजनाच्या बायका मी सांगेन तेच म्हणतील, सगळा जन्म म्हणतील. तो दाढीवाला येऊन विचारेल तरी तेच म्हणतील. तू जा, तुझं व्याख्यान दे, पुस्तक लिही. आमची भाषा जगावेगळी, होऊ दे की. कुणाचं काय जातं?"

हे मी मनापासून म्हटलं होतं. आणि म्हणताना बघत होते, ही काय करते.

तिनं कागद गोळा करून एकावर एक रचले. मग म्हणाली, "त्याला दाढी आहे हे तुम्हाला कसं कळलं?"

"असल्या माणसांना असतेच."

तेव्हा ती हसली, आणि डोळेही पुसले. "शांताक्का, मला त्या बायका परत एकदा हव्यात. तुम्ही जवळ बसा. आणि सांगा, केव्हा विचारू, कसं विचारू."

हा पहिला शहाणा प्रश्न तिनं मला विचारला.

मी सांगितलं. सकाळी विचार, न्हाणं झाल्यावर, ऊन आल्यावर. देवळात नाही, शेजारच्या मंडपात. आणि आमच्या घरातली नावं नकोत. तुझ्या गावची घे, तिथं बुडव, जाळ, काय करायचं ते कर.

दुसऱ्याच सकाळी बायका जमल्या. मी मध्ये बसले आणि म्हटलं, आज बंधन नाही, घरात बोलता तसं बोला. आधी सगळ्या माझ्याकडे बघून मग उत्तर द्यायच्या. मी म्हटलं, माझ्या तोंडावर लिहिलेलं नाही, तिच्याकडे बघा. मग सुटल्या. जहाज फुटलं म्हणता? म्हणतो. शिडाची दोरी तुटली? म्हणतो. दिवा विझला, उन्नीच्या बेटावरचा? विझला, विझला, हवा किती असेल तिथं! अलका तर न विचारता सांगायला लागली, शिडाला भोक पडलं, होडी सडली.

"ओलाव समुद्रात बुडाला," उन्नी म्हणाली.

"बुडाला!" सगळ्या एका सुरात.

"ओलाव मेला."

"मेला!"

कांचनला चौकशी फार. "हा ओलाव कोण, मॅडम?"

"माझा नवरा होता."

मग अलका दोन्ही गालांवर हात मारून म्हणाली, "अय्यो! आधी सांगायचं नाही? आम्ही मारून टाकला की त्याला! जिवंत आहे का तो?"

"आहे. स्वीडनला, दुसऱ्या बायकोबरोबर."

बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. मग कांचन म्हणाली, "मग बुडू दे." असा हशा झाला की देवळातला पुजारी डोकावून गेला.

उन्नीसुद्धा हसली. पण मी तिच्या हाताकडे बघत होते. प्रत्येक 'म्हणतो'ला ती एकेक चांदणी खोडत होती. बायका हसत होत्या आणि तिचं पुस्तक तिच्याच हातानं खलास होत होतं. हुणसूरला फोन लावला तर सुष्मा म्हणाली, "काय म्हणू वहिनी, हो म्हणू की नाही म्हणू?" मी म्हटलं, खरं म्हण. तिनंही तेच सांगितलं.

व्याख्यान रद्द करील असं मला वाटलं. ताप आला म्हटलं की झालं. ती म्हणाली, नाही.

मग मीही जायचं ठरवलं. हे म्हणाले, तुला त्यातलं काय कळणार? मी म्हटलं, वाक्यं माझी आहेत. मोरपंखी रेशमी नेसले, अन्विताला घेतलं आणि सरळ दुसऱ्या रांगेत जाऊन बसले. पहिल्या रांगेत तो होता. दाढी होती.

सगळं इंग्रजीत. अन्विता माझ्या कानात सांगायची, अर्धं मराठी, अर्धं कन्नड. उन्नी उभी राहिली तेव्हा पडद्यावर तिच्या विषयाचं जुनंच नाव होतं. तिनं ते वाचून दाखवलं आणि म्हणाली, हे खरं नाही.

सभा जरा हलली.

तिनं सगळं सांगितलं. म्हणाली, मी रोज दिवा लावायच्या वेळी जात होते. घरच्या माणसांची नावं घालून मरणाची, मोडण्याची वाक्यं विचारत होते. बायका मला गप्प बस म्हणत होत्या आणि त्यांचा तो दम मी व्याकरण म्हणून लिहिला. ही चूक त्यांची नाही, भाषेचीही नाही. मी चुकले. ज्यांनी मला पहिल्याच दिवशी थांबवलं त्या इथे बसल्या आहेत. आणि तिनं माझ्याकडे हात केला. इतकी डोकी वळली की मी नुसतं समोर बघत राहिले, पदर ठीक होता हे मला माहीत होतं.

शेवटी तो दाढीवाला उठला. अन्विता कुजबुजली, "अज्जी, तो विचारतो, इथं असं झालं, तर बाईंनी पुण्याला पूर्वी जे केलं त्याचं काय? तेही गेलं का?"

मला त्याची दाढी धरून ओढावीशी वाटली. उन्नी टेबलाच्या कडेला हात टेकून उभी होती.

"मला माहीत नाही," ती म्हणाली. "तिथं मी कुठल्या वेळी विचारलं होतं, हेच मी कधी पाहिलं नव्हतं. आता परत जाऊन बघावं लागेल. पहिल्यापासून."

काहींनी टाळ्या वाजवल्या. पुष्कळांनी नाही. तो दाढीवाला उभाच राहिला, मग खाली बसून काहीतरी लिहू लागला. हसलं मात्र कुणी नाही. एक तरुण मुलगी धावत पुढे गेली आणि तिनं विचारलं, दिवेलागणीचं हे आमच्या गावीही आहे, मी तुमच्याबरोबर काम करू का? उन्नी म्हणाली, मला पुढच्या उन्हाळ्यापासून पगार नाही, मी काय काम देणार? मुलगी म्हणाली, तरी चालेल.

मी अन्विताला पुढे पाठवून रिक्षा थांबवायला सांगितली. उन्नी पायऱ्यांवर आली. पिशवी खांद्यावर, उन्हात डोळे बारीक केलेले, पहिल्या दिवसापेक्षा म्हातारी दिसत होती.

"पुस्तक गेलं, शांताक्का," ती म्हणाली. "तुम्हाला काय वाटतं? सांगा. मी लिहून घेत नाही."

मी पायरीवर थांबले. सभेतली माणसं बाहेर पडत होती, ऐकत होती, तर ऐकू देत.

"मला काय वाटतं ते ऐक. माझ्याकडून ती बरणी फुटली, ती मी फोडली असं मी आजवर म्हटलेलं नाही, मरेपर्यंत म्हणणार नाही, सुनेनं हजारदा सांगितलं तरी नाही. तू एवढ्या शिकलेल्या माणसांत, त्या दाढीवाल्याच्या तोंडावर, 'मी चुकले' म्हणालीस. माझ्यात तेवढा दम नाही. पुस्तक गेलं तर जाऊ दे, तू चांगली बाई आहेस, उन्नी. आणि आता रिक्षात बस, ऊन लागतंय."